अ‍ॅस्टॅटीन: मोजलेले किती, मानलेले किती

एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी विचारले आहे: हॅलोजन गटाचा तक्ता करताना फ्लोरीनपासून आयोडीनपर्यंत सगळे रकाने नीट भरतात. अ‍ॅस्टॅटीनपाशी आले की एका पुस्तकात द्रवणांक ३०२ अंश, दुसऱ्या ठिकाणी २३० अंश. कुठे 'काळा घन', कुठे 'धातू'. हे मूलद्रव्य कोणी डोळ्यांनी पाहिलेलेच नाही असेही लिहिलेले असते. मग हे आकडे आले कुठून, आणि मुलांना हे हॅलोजन म्हणून सांगायचे की धातू म्हणून?

मॅडम, तुमची शंका अगदी रास्त आहे. अ‍ॅस्टॅटीनचे जे गुणधर्म छापलेले दिसतात ते तीन जातींचे आहेत. काही थेट मोजलेले, काही क्वांटम यांत्रिकीच्या गणिताने काढलेले, आणि काही वरच्या चार हॅलोजनांचा कल तसाच पुढे ओढून मानलेले. पुस्तकात तिन्ही एकाच टाइपात, एकाच रकान्यात छापले जातात आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. मी रेडिओकेमिस्ट आहे. सायक्लोट्रॉनमधून (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रातून) आलेल्या बिस्मथमधून अ‍ॅस्टॅटीन वेगळे काढणे आणि ते औषधाच्या रेणूला जोडणे हे माझे काम, त्यामुळे हा फरक माझ्या रोजच्या व्यवहाराचा आहे. जरा सविस्तर लिहितो.

आधी, हे मूलद्रव्य कोणाला का दिसले नाही ते पाहू. अ‍ॅस्टॅटीनचा अणुक्रमांक ८५. त्याचा एकही समस्थानिक, म्हणजे न्यूट्रॉनांच्या संख्येने वेगळा असलेला प्रकार, स्थिर नाही. ज्ञात समस्थानिकांपैकी सर्वांत जास्त टिकणारा अ‍ॅस्टॅटीन-२१०, त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा वेळ, ८.१ तास. आम्ही वापरतो तो अ‍ॅस्टॅटीन-२११, त्याचे ७.२ तास. अ‍ॅस्टॅटीन-२१३ तर सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास टिकते. निसर्गात युरेनियम, थोरियमच्या क्षय-साखळ्यांमध्ये ते क्षणभर तयार होते आणि नाहीसे होते. पृथ्वीच्या संपूर्ण कवचात एका वेळी ते किती असेल याचे अंदाज एक ग्रॅमहून कमी ते फार तर तीसेक ग्रॅम एवढेच आहेत.

पण 'फार कमी मिळते' हे न दिसण्याचे खरे कारण नव्हे. कमी मिळणारी मूलद्रव्ये साठवून ठेवता येतात, हे साठवता येत नाही. समजा, शुद्ध अ‍ॅस्टॅटीन-२११ चा एक ग्रॅम कुठून तरी जमवला. त्यात दर सेकंदाला होणाऱ्या विघटनांचा हिशेब केला तर सुमारे ७६ हजार टेराबेकरेल येतो (बेकरेल म्हणजे सेकंदाला एक विघटन, टेरा म्हणजे एक लाख कोटी). प्रत्येक विघटनात सरासरी ६.८ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टची ऊर्जा अल्फा कणाच्या (हेलियमच्या अणुकेंद्राच्या) रूपाने बाहेर पडते. गुणाकार करा: एका ग्रॅममधून ८० किलोवॅटपेक्षा जास्त उष्णता. एक मिलिग्रॅम घेतला, म्हणजे मिठाच्या काही कणांएवढा, तरी ८० वॅट, जुन्या पिवळ्या बल्बाइतके. एवढी उष्णता एवढ्याशा कणातून निघाली तर तो कण घन राहणारच नाही, स्वतःच्याच उष्णतेने वाफ होऊन जाईल. म्हणून 'काळा घन' हे वर्णन कोणी पाहून लिहिलेले नाही. फिकट पिवळा फ्लोरीन, हिरवट पिवळा क्लोरीन, तांबडा-तपकिरी ब्रोमीन, जांभळट काळे आयोडीन, रंग गडद होत जातो, म्हणून पुढचे काळेच असणार, एवढाच त्यामागचा तर्क आहे.

प्रत्यक्षात हातात काय असते ते सांगतो. एक गिगाबेकरेल अ‍ॅस्टॅटीन-२११, म्हणजे प्रयोगशाळेच्या दृष्टीने बऱ्यापैकी मोठी मात्रा, वजनाने फक्त १३ नॅनोग्रॅम भरते. शीशीत द्रावण असते, ते पाण्यासारखे स्वच्छ दिसते, आणि आत काही आहे हे केवळ मोजणीयंत्राच्या आकड्यावरून कळते.

आता द्रवणांकाकडे येऊ. ३०२ अंश द्रवणांक आणि ३३७ अंश उत्कलनांक हे जुने, सर्वत्र फिरणारे आकडे कल पुढे ओढून काढलेले आहेत. त्यात गंमतीची नव्हे, गंभीर अशी एक विसंगती आहे, आणि ती तुमचे विद्यार्थी स्वतः शोधू शकतील. प्रत्येक हॅलोजनसाठी उत्कलनांकातून द्रवणांक वजा करा. फ्लोरीनसाठी सुमारे ३२ अंश, क्लोरीनसाठी ६७, ब्रोमीनसाठी ६६, आयोडीनसाठी ७१. आणि अ‍ॅस्टॅटीनसाठी ३५. कल धरून पुढे गेलो असे म्हणायचे, आणि आलेले उत्तर त्याच कलात बसत नाही! वर्गात ही वजाबाकी जरूर करून घ्या. छापील आकड्याकडे कसे पाहायचे हे त्यातून मुलांना कळेल.

२३० अंशांचा आकडा मुळात द्रवणांकाचा नव्हे, उत्कलनांकाचा, आणि तो वेगळ्या वाटेने आला. जपानमध्ये ओतोझाई आणि ताकाहाशी यांनी १९८२ मध्ये वायू-वर्णलेखनाने, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफीने, अ‍ॅस्टॅटीनची बाष्पशीलता तपासली. अशा प्रयोगात थोडेसे अणू वाहत्या वायूबरोबर स्तंभातून पाठवतात आणि ते किती तापमानाला किती वेळ अडकून राहतात ते मोजतात. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन त्याच स्तंभात कसे वागतात हे माहीत असते, त्यांच्याशी तुलना करून उत्कलनांकाचा अंदाज बांधतात. हा अंदाज आधीच्या आकड्यापेक्षा वजनदार आहे, कारण त्यामागे खऱ्या अणूंचे खरे वर्तन आहे. तरीही भांड्यात उकळताना तापमापी लावून घेतलेले ते माप नव्हे.

घनरूपाचे काय? इथे २०१३ चे एक सैद्धांतिक काम फार महत्त्वाचे आहे. हेरमन, हॉफमन आणि अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी गणिताने दाखवले की अ‍ॅस्टॅटीनचा घन आयोडीनसारखा जोडअणूंचा बनणार नाही. त्यात सुटे अणू धातूसारखे रचलेले असतील, आणि वातावरणीय दाबालाच तो धातू असेल. आयोडीनला धातू बनवायला प्रचंड दाब लागतो. अ‍ॅस्टॅटीनला तो लागणार नाही, कारण त्याचे इलेक्ट्रॉन सापेक्षतावादी परिणामांमुळे वेगळ्या पद्धतीने बसलेले आहेत. ८५ प्रोटॉनांच्या ओढीत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या मोठ्या अंशाने फिरतात. त्याचा परिणाम सर्वांत बाहेरच्या ६पी कक्षेपर्यंत पोहोचतो आणि तिचे दोन पातळ्यांमध्ये विभाजन होते. वरच्या पातळीतले इलेक्ट्रॉन जास्त ऊर्जेवर जातात, म्हणून सुटायला सोपे होतात आणि जोडअणूचा बंध कमकुवत होतो. या गणितातून सुमारे ८.९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर एवढी घनताही निघते. हा सगळा भाग 'गणिताने' या सदराखाली लिहा.

आता ज्या दोन आकड्यांवर मी पूर्ण विश्वासाने बोट ठेवतो, त्यांच्याकडे वळतो. तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर यांच्यातच आहे.

पहिला, आयनीकरण ऊर्जा, म्हणजे अणूतून एक इलेक्ट्रॉन सोडवायला लागणारी ऊर्जा. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील आयसोल्ड या सुविधेत १.४ गिगा-इलेक्ट्रॉन व्होल्टचे प्रोटॉन युरेनियम कार्बाइडसारख्या टार्गेटवर आदळवतात. त्यातून अनेक मूलद्रव्यांचे अल्पायुषी समस्थानिक बाहेर पडतात, त्यात अ‍ॅस्टॅटीनही असते. अचूक रंगाच्या लेझर किरणांनी फक्त अ‍ॅस्टॅटीनच्याच अणूतला इलेक्ट्रॉन एकेक पायरी वर चढवत नेऊन सोडवायचा, आणि तो कुठल्या ऊर्जेला सुटतो ते बघायचे, असा हा प्रयोग. २०१३ मध्ये उत्तर प्रसिद्ध झाले: ९.३१७५ इलेक्ट्रॉन व्होल्ट. ज्या मूलद्रव्याचा कण कोणी पाहिला नाही त्याचा हा गुणधर्म चार दशांश स्थळांपर्यंत माहीत आहे, याचे मला आजही मोल वाटते.

दुसरा, इलेक्ट्रॉन आसक्ती, म्हणजे अणूने एक इलेक्ट्रॉन स्वीकारला की किती ऊर्जा बाहेर पडते ते. तेही आयसोल्डमध्येच, अ‍ॅस्टॅटीन-२११ च्या ऋण आयनांवर लेझर टाकून, जादाचा इलेक्ट्रॉन कितव्या ऊर्जेला निखळतो हे पाहून मोजले गेले. २०२० मध्ये आकडा आला: २.४१६ इलेक्ट्रॉन व्होल्ट.

हे दोन आकडे शेजाऱ्यांजवळ ठेवून बघा. आयनीकरण ऊर्जा: फ्लोरीन १७.४, क्लोरीन १३.०, ब्रोमीन ११.८, आयोडीन १०.५, अ‍ॅस्टॅटीन ९.३. इलेक्ट्रॉन आसक्ती: क्लोरीन ३.६, ब्रोमीन ३.४, आयोडीन ३.१, अ‍ॅस्टॅटीन २.४. दोन्हीकडे उतरण आहे, पण आसक्तीत आयोडीनपासून अ‍ॅस्टॅटीनपर्यंतची उडी आधीच्या पायऱ्यांच्या दुपटीहून मोठी आहे. कल तिथे तुटतो. आणि आता सोन्याचे आकडे घ्या: आयनीकरण ऊर्जा ९.२, इलेक्ट्रॉन आसक्ती २.३. म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणे आणि स्वीकारणे या दोन्ही बाबतींत अ‍ॅस्टॅटीनचा सुटा अणू आयोडीनपेक्षा सोन्याला जवळचा आहे. यावरून अ‍ॅस्टॅटीन सोन्यासारखे वागते असा निष्कर्ष काढू नका, दोघांच्या बाहेरच्या कक्षा वेगळ्या आहेत. पण सोनेही सीझियमबरोबर ऋण आयन बनवते, हे लक्षात घेतले तर 'ऋण आयन बनवतो म्हणून अधातू' हा आपला शाळेतला नियम किती ढोबळ आहे ते कळते.

याच दोन आकड्यांची सरासरी काढली की म्युलिकनच्या मापाने विद्युतऋणता, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची ताकद, मिळते, आणि ती हायड्रोजनच्या विद्युतऋणतेपेक्षा कमी येते. परिणाम असा की हायड्रोजन क्लोराइडमध्ये ऋण टोक क्लोरीनकडे असते, तर हायड्रोजन आणि अ‍ॅस्टॅटीनच्या रेणूत ते हायड्रोजनकडे झुकेल अशी अपेक्षा आहे. 'हायड्रोअ‍ॅस्टॅटिक आम्ल' असे नाव काही पुस्तकांत दिसते. ते वाचताना हे ध्यानात ठेवावे.

आता माझ्या कामाच्या जवळचा भाग, रासायनिक वर्तन.

अ‍ॅस्टॅटीन पहिल्यांदा बनवले ते १९४० मध्ये, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत. डेल कॉर्सन, केनेथ मॅकेन्झी आणि एमिलिओ सेग्रे यांनी ६० इंची सायक्लोट्रॉनमधून ३२ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचे अल्फा कण बिस्मथवर सोडले. बिस्मथच्या अणुकेंद्रात अल्फा शिरला, दोन न्यूट्रॉन बाहेर पडले, अ‍ॅस्टॅटीन-२११ तयार झाले. आजही आम्ही हेच करतो. त्यांच्याकडे मोजके अणू होते, मग रसायनशास्त्र कसे तपासले? वाहक वापरून. द्रावणात दुसऱ्या एखाद्या मूलद्रव्याचा साका पाडायचा आणि किरणोत्सार साक्याबरोबर खाली आला की वरच्या पाण्यात राहिला ते मोजायचे. ज्याच्या सोबत हे अणू खाली उतरतात, त्याच्यासारखे त्यांचे त्या क्षणीचे रूप. त्यांना दिसले की हायड्रोजन सल्फाइड सोडल्यावर आम्लातसुद्धा हे मूलद्रव्य धातूंच्या सल्फाइडांबरोबर खाली येते. हॅलोजनकडून कोणी ही अपेक्षा करणार नाही. त्याच वर्षी हॅमिल्टन आणि सोले यांनी गिनीपिगना ते दिले, तर ते आयोडीनसारखे थायरॉइड ग्रंथीत जमा झाले. म्हणजे शोधाच्या पहिल्याच वर्षी दोन्ही चेहरे समोर आले होते: परीक्षानळीत धातूसारखा आणि प्राण्याच्या शरीरात आयोडीनसारखा. तुम्ही ज्या कोड्यात अडकला आहात ते तेव्हापासूनचे आहे.

त्याआधी अनेकांनी ८५ क्रमांक सापडल्याचे सांगितले होते, ते सगळे दावे पुढे टिकले नाहीत. अमेरिकेत फ्रेड अ‍ॅलिसन यांनी १९३१ मध्ये 'अलाबामाइन' जाहीर केले. आपल्या उपखंडातलाही एक दावा आहे: ढाक्याच्या राजेंद्रलाल दे यांनी १९३७ मध्ये मोनाझाइट वाळूतून हे मूलद्रव्य मिळाल्याचे सांगून त्याला 'डाकिन' नाव दिले. काही तासांत नाहीसे होणारे द्रव्य खनिजातून बाटलीत भरून ठेवता येणे शक्यच नव्हते, पण तेव्हा ते माहीत नव्हते. निसर्गातले अ‍ॅस्टॅटीन खरोखर ओळखले व्हिएन्नाच्या बेर्टा कार्लिक आणि ट्राउडे बेर्नेर्ट यांनी, १९४३ मध्ये.

ते वेगळे कसे काढतात ते जरा जवळून सांगतो, कारण बाष्पशीलता हा गुणधर्म तिथे प्रत्यक्ष कामाला येतो. टार्गेट म्हणजे अ‍ॅल्युमिनिअमच्या पाठीवर बसवलेला बिस्मथचा पातळ थर, रुपेरी, किंचित गुलाबी झाक असलेला. अल्फा झोताची बरीचशी ऊर्जा त्यात उष्णता म्हणून उतरते. २८ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचा, १०० मायक्रोअँपिअर विद्युतप्रवाहाचा झोत असेल तर सुमारे १.४ किलोवॅट. बिस्मथ २७१ अंशांनाच वितळतो आणि उष्णता वाहून नेण्यात धातूंमध्ये फार मागे आहे. म्हणून मागून पाण्याने थंड ठेवावे लागते, नाहीतर थर वितळून अ‍ॅस्टॅटीन तिथेच उडून जाईल. झोत थांबला की बिस्मथ खरवडून क्वार्ट्‌झच्या नळीत घालायचा, नळी भट्टीत सरकवायची, वायूचा बारीक प्रवाह सुरू करायचा आणि भट्टी ६५० ते ८०० अंशांच्या दरम्यान न्यायची. बिस्मथ वितळून तिथेच बसतो, त्याचा उत्कलनांक दीड हजार अंशांच्या वर आहे. अ‍ॅस्टॅटीन मात्र वायूबरोबर निघते आणि पुढे कोरड्या बर्फात बुडवलेल्या अरुंद नळीच्या भिंतीला चिकटते. डोळ्यांना काहीच दिसत नाही. थंड नळीजवळ ठेवलेल्या डिटेक्टरवर ७७ ते ९२ हजार इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पट्ट्यातील क्ष-किरणांची मोजणी चढू लागते, भट्टीजवळची उतरू लागते. चढण थांबली की काम झाले. मग थेंबभर द्रावकाने नळी धुवून घ्यायची.

हे क्ष-किरण येतात कुठून, तेही सांगायला हवे. अ‍ॅस्टॅटीन-२११ दोन वाटांनी क्षय पावते. सुमारे ४२ टक्के अणू ५.८७ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचा अल्फा कण सोडून बिस्मथ-२०७ होतात. उरलेले ५८ टक्के इलेक्ट्रॉन गिळून पोलोनियम-२११ होतात, आणि ते अर्ध्या सेकंदाच्या अर्धायुष्याने ७.४५ चा अल्फा सोडून शिशात बदलते. दोन्ही वाटांवर एकच अल्फा. दुसऱ्या वाटेवर पोलोनियमचे क्ष-किरण निघतात, तेच आमचा डिटेक्टर पकडतो.

द्रावणात आल्यावर अ‍ॅस्टॅटीन कोणत्या रूपात आहे, हा खरा डोकेदुखीचा प्रश्न. मान्यता असलेल्या ऑक्सिडीकरण अवस्था ऋण १, धन १, धन ३, धन ५ आणि धन ७. सल्फाइटसारखे क्षपणक (इलेक्ट्रॉन देणारे द्रव्य) घातले की ऋण १ मिळते. ते सिल्व्हर आयोडाइडच्या साक्याबरोबर खाली येते, अगदी आयोडाइडसारखे. हा हॅलोजनचा चेहरा. तीव्र ऑक्सिडीकारक वापरले तर धन ५ चे रूप आयोडेटच्या साक्याबरोबर येते, म्हणजे पुन्हा आयोडीनचाच भाऊ. धन ७ साठी झेनॉन डायफ्लोराइडसारखा जालीम उपाय लागतो. पण क्षपणक नसलेल्या आम्लात ते सुट्या धन आयनाच्या आणि ऑक्सिजन जोडलेल्या धन आयनाच्या रूपात राहते. विद्युतक्षेत्र लावले तर ऋणाग्राकडे सरकते, आणि क्लोराइड, ब्रोमाइड, थायोसायनेट यांच्याशी धातूच्या आयनांसारखी संकुले बनवते. फ्रान्समधल्या नांत येथील गटाने हे रसायनशास्त्र गेल्या दोन दशकांत बारकाईने उलगडले आहे. सुटा धन आयन पाण्यात टिकवणे आयोडीनला जमत नाही. अ‍ॅस्टॅटीनचे वेगळेपण कुठे आहे असे मला विचारले तर मी रंग किंवा द्रवणांक न सांगता हे सांगेन.

जोडअणू अ‍ॅस्टॅटीन, म्हणजे तक्त्यात आपण सहज लिहितो तो दोन अणूंचा रेणू, त्याचा निर्विवाद पुरावा अजून मिळालेला नाही. कारण समजायला सोपे आहे. एका मिलिलिटरमध्ये एक मेगाबेकरेल असेल तर मोलारिटी १० चा उणे ११ वा घात या पातळीची. अत्यंत शुद्ध म्हणून विकत घेतलेल्या द्रावकातही आयोडीन आणि सेंद्रिय अशुद्धी याहून कितीतरी जास्त असते. अ‍ॅस्टॅटीनच्या एका अणूला दुसरा अ‍ॅस्टॅटीन भेटण्याआधी अशुद्धीचा रेणू हजारदा भेटतो. म्हणून आयोडीनशी, ब्रोमीनशी, क्लोरीनशी जोडलेले त्याचे रेणू वस्तुमान-वर्णपटमापकात दिसले, स्वतःशी जोडलेला दिसला नाही. यातल्या आयोडीनबरोबरच्या रेणूवर २०१८ मध्ये चांगले काम झाले. त्या रेणूतील अ‍ॅस्टॅटीनचे टोक धन असते आणि समोरच्या रेणूतील इलेक्ट्रॉनांच्या जोडीला धरून ठेवते, त्याला हॅलोजन बंध म्हणतात. असा बंध बनवण्याची ताकद गटात खाली उतरताना वाढते, ती अ‍ॅस्टॅटीनमध्येही वाढलेलीच आढळली.

आणखी एक अडचण आहे, ती पुस्तकात क्वचित येते. अ‍ॅस्टॅटीन स्वतःचेच द्रावण बिघडवते. अल्फा कण वाटेतील द्रावकाचे रेणू फोडत जातात. क्लोरोफॉर्ममध्ये ठेवले तर क्लोरीनयुक्त ऑक्सिडीकारक तयार होतात आणि अ‍ॅस्टॅटीनची अवस्था बदलून टाकतात. सकाळी व्यवस्थित जोडली जाणारी शीशी संध्याकाळी जोडली जात नाही, आणि मात्रा जितकी जास्त तितके हे लवकर होते. जुन्या शोधनिबंधांमधले परस्परविरोधी निष्कर्ष बऱ्याच अंशी अशुद्धी आणि हे किरण-विघटन यांच्यामुळे आहेत असे माझे मत आहे.

मग एवढा खटाटोप कशासाठी? कर्करोगासाठी. अल्फा कण ऊतींमध्ये साधारण ५० ते ९० मायक्रोमीटर जातो, म्हणजे काही पेशींच्या रुंदीइतका. तेवढ्या अंतरात सगळी ऊर्जा ओततो आणि डीएनएच्या दोन्ही पट्ट्या तोडतो. अ‍ॅस्टॅटीन कर्कपेशीला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाला जोडले, तर शेजारच्या निरोगी ऊतींना फारसा धक्का न लावता त्या पेशी मारता येतात. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात मेंदूच्या गाठींसाठी आणि स्वीडनमध्ये गोथेनबर्गला अंडाशयाच्या कर्करोगासाठी याच्या पहिल्या चाचण्या रुग्णांवर झाल्या, त्यांचे निष्कर्ष २००८ आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. जपानमध्ये ओसाका विद्यापीठाने थायरॉइडच्या कर्करोगासाठी साध्या सोडिअम अ‍ॅस्टॅटाइडची चाचणी हाती घेतली. पाऊण शतकापूर्वीचे गिनीपिग आठवत असतील, तर ही निवड का झाली ते लगेच कळेल.

इथेही गुणधर्मच आडवे येतात. कार्बन आणि अ‍ॅस्टॅटीनमधला बंध कार्बन-आयोडीन बंधापेक्षा कमकुवत आहे. आयोडीनसाठी वापरतात तशा सरळ पद्धतीने प्रथिनाला अ‍ॅस्टॅटीन जोडले तर ते शरीरात सुटते आणि थायरॉइड, जठर, प्लीहा, फुप्फुसे यांत जाऊन बसते. म्हणून आधी बेंझिन वलयावर कथिलाचा गट लावून तिथे अ‍ॅस्टॅटीन बसवतात, किंवा बोरॉनच्या पिंजऱ्यासारख्या रेणूंचा आधार घेतात, कारण बोरॉनशी त्याचा बंध अधिक भक्कम असतो. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आज सायक्लोट्रॉनचा कमी आणि या बंधाचा जास्त आहे.

सायक्लोट्रॉनचीही अट कडक आहे. अल्फाची ऊर्जा २९ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर गेली की तीन न्यूट्रॉन सुटून अ‍ॅस्टॅटीन-२१० बनू लागते. ते क्षय पावून पोलोनियम-२१० देते, १३८ दिवस अर्धायुष्याचे, अस्थिमज्जेला घातक. त्यामुळे ऊर्जा २८-२९ च्या आसपास काटेकोर धरावी लागते. अशी अल्फा देणारी यंत्रे जगात मोजकीच आहेत. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ पासून चालणारा आपल्या देशातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन १६.५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचे प्रोटॉन देतो. फ्लोरीन-१८ साठी तो उत्तम, पण अ‍ॅस्टॅटीन त्यातून मिळणार नाही. कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरचे जुने यंत्र अल्फा झोत देते. बनवल्यापासून २४ तासांनी दहा टक्केच उरते, हा हिशेब लक्षात घेतला तर कोलकात्याहून मुंबईच्या रुग्णापर्यंत औषध वेळेत पोहोचवणे किती अवघड आहे ते दिसते. देशाच्या पश्चिम भागात ३० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टची अल्फा देणारे एक यंत्र असावे, असे मला मनापासून वाटते.

हाताळणीबद्दल थोडक्यात. अल्फा कण कातडीच्या वरच्या थरात अडतो, त्यामुळे बाहेरून धोका कमी. क्ष-किरणांना काही मिलिमीटर शिसे पुरते. धोका आहे तो श्वासातून. हे द्रव्य सामान्य तापमानालाही सुकलेल्या थेंबातून निसटते, म्हणून कोळशाचे फिल्टर लावलेल्या बंदिस्त पेटीतच काम करायचे आणि सांडलेले कधी सुकू द्यायचे नाही.

आता 'हॅलोजन की धातू' याबद्दल. मुलांना सांगा की गट १७ मधील स्थान इलेक्ट्रॉन रचनेवरून ठरते, त्यामुळे गटाने ते हॅलोजनच आहे, यात वाद नाही. ऋण १ आणि धन ५ अवस्थांत, तसेच थायरॉइडमध्ये ते आयोडीनच्या वाटेने जाते. आम्लात धन आयन म्हणून आणि गणिताप्रमाणे घनरूपात ते धातूकडे झुकते. काही पुस्तके त्याला धातुसदृश म्हणतात, ते मला मान्य आहे. याच गटात त्याच्याही खाली आता टेनेसीन आहे, ११७ क्रमांकाचे. २०१० मध्ये दुबना येथे त्याचे अणू बनवल्याचे जाहीर झाले. तिथे सापेक्षतावादी परिणाम याहूनही तीव्र असतील.

तुमच्या तक्त्यासाठी रकाने असे भरा. अर्धायुष्य ८.१ तास, अ‍ॅस्टॅटीन-२१० साठी, मोजलेले. आयनीकरण ऊर्जा ९.३१८ आणि इलेक्ट्रॉन आसक्ती २.४१६ इलेक्ट्रॉन व्होल्ट, दोन्ही मोजलेले, शाईने लिहा. उत्कलनांक सुमारे २३० अंश, बाष्पशीलतेवरून अंदाज, पेन्सिलीने. घनता सुमारे ८.९, गणिताने, पेन्सिलीने. पॉलिंग मापाची विद्युतऋणता २.२, तीही अंदाजच. ऑक्सिडीकरण अवस्था ऋण १, धन १, ३, ५, ७. द्रवणांक ३०२ हा आकडा खोडून टाका. रंगाच्या रकान्यात आडवी रेघ मारा आणि खाली टीप द्या की दिसण्याजोगा नमुना स्वतःच्याच उष्णतेने टिकू शकत नाही.